खिडकीचा गज

दिल्लीत, सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये खिडकीचा मधला गज वाकलाय, असं प्रमोदिनीबाईंनी दोनदा सांगितलं, तेव्हा श्यामकांतनी रीतसर इन्क्वायरीत, म्हणजे क्वार्टरच्या दुरुस्ती ऑफिसात, कम्प्लेंट नोंदवली. माणूस यायच्या आधी फूटपट्टी लावून पाहिली.

"अगं, सरळ तर आहे."

बाईंनी डावा डोळा मिटला. गज पाण्यातल्या देठासारखा डुलला आणि मधोमध धुक्यात विरघळला. दिसत होतं ते इतकं छान, की त्या क्षणभर पाहतच राहिल्या. मग त्यांनी बोटांवर दिवस मोजले. गणपतीला दोन महिने उरले होते. मंडळाची मूर्ती कोऱ्या डोळ्यांनी येई आणि आदल्या दिवशी तिचे डोळे आखायच्या त्या प्रमोदिनीबाईच.

हॉस्पिटलात तपासणीत कळलं, उजव्या डोळ्याच्या पडद्यातली एक नस तुंबली होती. पाणी झिरपून मधोमध सूज आली होती. बीपीच्या गोळ्या आपणच बंद केल्या होत्या, हेही बाईंना सांगावं लागलं.

"आंटी, तुंबलेली नस मोकळी करता येत नाही, सूज उतरवता येते," डॉक्टर हिंदीत म्हणाली. डोळ्यात इंजेक्शन, सुरुवातीला दर महिन्याला. किंवा डोळ्यात सोडायची स्टेरॉइडची बारीक कांडी. ती काही महिने पुरते, पण डोळ्यातला दाब वाढवू शकते आणि बाईंचा आधीच जास्त होता. लेझर आत्ता नको, लागलं तर पुढे.

"आणि काहीच नाही केलं तर?"

"सूज राहिली, तर मधली नजर कायमची जाऊ शकते."

"डोळ्यात सुई!" रिक्षात बाई पुटपुटल्या.

"तू बाप्पाच्या डोळ्यात एवढी वर्षं ब्रश घालतेस, तो कधी ओरडला?"

"अहो, गप्प बसा बिल्कुल."

पण इंजेक्शनच ठरलं. थेंबांनी डोळा बधिर झाला. वर पांढरा उजेड, किंचित दाब, बस्स. घरी येताना नजरेत काळे मणी तरंगत होते. रिंग रोडची झाडं त्या मण्यांतून संथ वाहत गेली. दुसऱ्या इंजेक्शननंतर रोज सकाळी बाई डावा डोळा झाकून खिडकीशी उभ्या राहू लागल्या. धुकं विरळ होत होतं. गजाचा बाक थोडा उरला होता.

गणपतीच्या आदल्या दिवशी, पहाडगंजच्या शाळेतल्या हॉलमध्ये, त्यांनी मूर्तीचा पहिला डोळा आखला. मागे सरकून डावा डोळा मिटला. रेघेचा कोपरा किंचित खाली झुकला, बाप्पा झोपेतून उठत असल्यासारखा.

"अहो, रेघ सरळ आहे का?"

श्यामकांतनी मान तिरकी करून पाहिलं. "गजाइतकीच सरळ. वाटलं तर इन्क्वायरीत कम्प्लेंट करतो."

बाई हसल्या. हसताना हात हलेल, म्हणून हसू ओसरेपर्यंत थांबल्या. तिसरं इंजेक्शन विसर्जनानंतर होतं. त्यांनी दोन्ही डोळे उघडले आणि ब्रश काळ्या रंगात बुडवला.