आठच्या आधी फाटक नाही

रॉसच्या फार्मवर मी गुरं सांभाळते, आणि माझं डोकं लवकर तापतं हे त्यालाही ठाऊक आहे. त्याची तीनशे गुरं अख्ख्या डोंगरावर मोकाट चरायची. ओढ्याकाठचं गोड गवत मुळापर्यंत ओरबाडायची, वरचं तसंच वाळून जायचं. मी म्हटलं, विजेच्या तारा लावून डोंगराचे पट्टे पाडू. रोज सकाळी आठला एक नवा पट्टा, आणि चरून झालेल्याला चाळीस दिवस विश्रांती.

"एक उन्हाळा देतो, मृदुला," रॉस म्हणाला. "गुरं खंगली तर तारा निघतील, आणि तुझी नोकरीही."

जानेवारीत, म्हणजे इथल्या ऐन उन्हाळ्यात, माझा नवरा गुरुदत्त ऑकलंडहून पंधरा दिवसांच्या रजेवर आला. मी वर पाण्याचे पाइप टाकत होते, म्हणून आठवडाभर फाटक त्याच्यावर सोपवलं. माणूस आयटीतला, पण रोज जेवणाआधी गोग्रास काढणाऱ्या घरातला. आठवड्याने खाली येऊन बघते तर सातच्या जागी चौदा पट्टे उघडलेले, आणि प्रत्येकात अर्धं गवत तसंच!

"अगं, संध्याकाळी तारेपाशी येऊन हंबरायच्या. हाऊ कॅन आय से नो? दारात आलेल्या गाईला आईने कधी रिकामं पाठवलं नाही."

"भुकेल्या नाहीत त्या, लाडावल्यात! हंबरलं की फाटक उघडतं, हे तू शिकवलंस त्यांना!"

हा पुण्य करायला गेला आणि माझ्या उन्हाळ्याचं वाटोळं झालं. मला रडूच आलं. मग डोळे पुसले आणि उरलेलं संपवायला कळप मागे वळवला. आठवडाभर त्यांनी डोंगर डोक्यावर घेतला.

आठव्या दिवशी ताज्या पट्ट्याची पाळी होती. पावणेआठलाच सगळ्या फाटकावर येऊन हंबरू लागल्या. रॉस गाडीतून उतरला. "मेट, उपाशी मारतेयस त्यांना. आत्ता उघड, नाहीतर आजच तारा काढतो."

"डाव्या कुशी बघ," मी म्हटलं. "पोट रिकामं असलं की तिथे खड्डा पडतो. एकीचा तरी दाखव."

तो कळपाच्या पार टोकापर्यंत बघत गेला. परत आला तेव्हा पुढच्या दोघी हंबरायचं थांबवून पायांखालचं गवत खायला लागल्या होत्या. मग मागच्याही वळल्या.

"तारा राहू देत," रॉस म्हणाला.

कडीवर माझा हात होता आणि त्यावर गुरुदत्तचा. त्याचे डोळे भरले होते, पण आठ वाजेपर्यंत त्याने तो हात हलू दिला नाही.