अटी वाचणारी

चष्म्याच्या दांडीतला स्क्रू अर्धा आत गेला आणि तिने पेचकस खाली ठेवून पुन्हा एकदा फोन पाहिला. काउंटरच्या आडोशाला, समोरच्याला दिसणार नाही अशा बेताने. आकडा वाढला होता. सकाळी दुकान उघडताना पाहिला त्याहून चांगलाच वाढला होता. भिंगरीच्या कथेवर वाचकांच्या नुसत्या उड्या पडत होत्या.

"ताई, झाला का चष्मा?" समोरच्या गृहस्थांनी विचारलं.

"होतोच आहे," ती म्हणाली आणि स्क्रू इतका आवळला की दांडी मिटेना. मग तो पुन्हा सैल करावा लागला.

भिंगरी तिची मैत्रीण. बस स्थानकावर घोषणा करायची नोकरी. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागणार ते दिवसभर माईकवर सांगायची आणि घरी गेली की गोष्टी लिहायची. गोष्टी दोघीही लिहीत. पूर्वी एक मालिका लागायची, दीपगृहावर एकटीने राहणारी बाई आणि जहाजावरचा डॉक्टर यांची. ती ऐन रंगात आलेली असताना बंद पडली. डॉक्टर जहाजावर चढला तो चढलाच. त्याला परत आणायचं काम मग चाहत्यांनीच अंगावर घेतलं. कुणी त्याला वादळातून आणलं, कुणी तुरुंगातून, एकीने तर डोक्याला मार लावून स्मृती घालवून आणला. हौसेला मोल नव्हतं आणि या लिखाणालाही नव्हतं.

या मंडळींचं एक साधंसं संकेतस्थळ होतं. एक निवृत्त इंजिनिअर ते पदरमोड करून चालवत. जाहिराती नाहीत, फी नाही, आणि बिघडलं की इंजिनिअरसाहेबांना सवड होईपर्यंत बंद. तरी सगळे त्याला 'घर' म्हणत, कारण त्याआधी हात पोळले होते. पहिली जागा एका कंपनीची होती. ती कंपनी दुसऱ्या कंपनीने विकत घेतली आणि एका सकाळी सगळ्यांच्या कथांना कुलूप लागलं. तेव्हापासून कंपनीचं संकेतस्थळ म्हटलं की यांचे कान उभे राहत, आणि कुठल्याही नव्या जागेच्या अटी आधी तिने वाचायच्या असा रिवाज पडला. कलमं कितीही असोत, ती शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची. म्हणून गटात सगळे तिला वकीलबाई म्हणत, आणि तिलाही ते मनातून आवडायचं.

दुसरा रिवाज जोडवाचकाचा. कथा टाकण्याआधी दुसऱ्या कुणीतरी ती वाचायची, डागडुजी करायची. त्यात एखादी ओळ सुचली तर देऊन टाकायची, आणि दिलेली ओळ परत मागायची नाही. वकीलबाई आणि भिंगरी पहिल्यापासून एकमेकींच्या जोडवाचक होत्या.

एका नव्या कंपनीच्या संकेतस्थळाचं बोलावणं आलं तेव्हा भिंगरीने आधी तिलाच विचारलं होतं.

"अटी वाचतेस का गं? तोवर मी एक भाग टाकून बघते."

"वाचते सावकाश," वकीलबाई म्हणाली होती. एवढी घाई कशाला? तिथे कोण वाचणार होतं?

वाचणारे निघाले. इतके निघाले की भिंगरी एकामागून एक भाग टाकत सुटली. त्या संकेतस्थळावर वाचकांना आवडलेल्या ओळीवर खूण करता यायची. सगळ्यांत जास्त खुणा एकाच ओळीवर होत्या: 'तू गेलास तेव्हा मी दिव्याची काच पुसत होते. अजून तीच पुसतेय.'

ही ओळ वकीलबाईची होती. याच दुकानात, याच काउंटरमागे, कुणाचा तरी चष्मा पुसताना सुचलेली. दिलेली ओळ परत मागायची नाही हे खरं; पण ती जगभर मिरवत असताना आपण गप्प बसून स्क्रू आवळायचे, हे कुठल्या रिवाजात बसत होतं? तिच्या स्वतःच्या कथांना 'घरा'वर मोजके वाचक. त्यांतले एक इंजिनिअरसाहेब, आणि ते सरसकट सगळ्यांनाच 'छान' लिहायचे.

तिच्या पोटात दुखत होतं, दुसरं काही नाही. पण पोटदुखीला पोटदुखी म्हणवत नाही, म्हणून ती तिला तत्त्व म्हणायची.

"वाचलंस ना तिथलं? शेवटपर्यंत?" भिंगरी मधूनमधून विचारायची.

"वाचलं की."

"मग? काय ठरवलंस?"

"बघू."

काय ठरवायचं होतं कोण जाणे. तिने वाचलंच नव्हतं. कथेचा कच्चा खर्डा तिच्याच हातून गेलेला, त्यात नवं काय असणार? ती पान उघडायची, वरचा आकडा बघायची आणि जळफळत मिटून टाकायची.

अखेर सुट्टीच्या दिवशी ती अटी वाचायला बसली. बऱ्याच खाली तिला हवं ते कलम सापडलं: 'येथे प्रसिद्ध केलेली कथा कंपनी बदलू शकेल, विकू शकेल व इतरांना वापरण्यास देऊ शकेल.' वाचून तिला धक्का बसायला हवा होता. तिला आनंद झाला. पुढे आणखी एक वाक्य होतं: 'मात्र लेखकाच्या स्वतंत्र लेखी संमतीशिवाय यांपैकी काहीही करता येणार नाही.' तेही तिने वाचलं, नीट, दोनदा.

गटावर तिने पहिलंच वाक्य टाकलं.

गटात हलकल्लोळ उडाला. पुन्हा तेच, पुन्हा कुलूप, बरं झालं वकीलबाई आहेत. संध्याकाळी भिंगरीचा फोन आला.

"विकू शकतात? अगदी तसंच लिहिलंय?"

"शब्दाला शब्द."

"आणि पुढे काही नाही ना?"

वकीलबाईने फोन एका कानावरून दुसऱ्या कानावर घेतला.

"नाही."

 पलीकडे भिंगरीच्या घरातला नळ वाहत होता.

"उद्या दुपारी काढते सगळं. जेवणाच्या सुट्टीत," ती म्हणाली. "तिथे ना, रोज कुणीतरी वाट बघत असतं गं. आयुष्यभर मी गाड्यांची नावं ओरडले, पण माझ्यासाठी कुणी फलाटावर थांबलं नव्हतं. जाऊ दे. तू सांगतेस म्हणजे काढायलाच हवं."

"आपलं 'घर' आहेच की," वकीलबाई म्हणाली. त्या दिवशी ती चार घास जास्त जेवली.

दुसऱ्या दिवशी जेवणाची वेळ टळत आली असताना दुकानात शिवणकामाच्या बाई आल्या. शाळेत शिवण शिकवून निवृत्त झालेल्या, तोंडाने फटकळ. त्यांचा जवळचा नंबर वाढला होता आणि नवा चष्मा तयार होता. वकीलबाईने तो त्यांच्या नाकावर बसवला, दांड्या कानामागे नीट केल्या आणि वाचायचं कार्ड पुढे धरलं.

"ते नको, तोंडपाठ झालंय मला," बाईंनी पर्समधून फोन काढला. "हेच वाचते. आज वाचून संपवायचंच आहे, नंतर मिळणार नाही म्हणे."

आणि शाळेत धडा वाचावा तशा खणखणीत आवाजात त्या वाचू लागल्या.

"'तू गेलास तेव्हा मी दिव्याची काच पुसत होते. अजून तीच पुसतेय.' बघ, एकदम स्वच्छ दिसतंय."

वकीलबाईचा हात कार्डावरच राहिला. मग सवयीने, रोज प्रत्येकाला सांगते तसं, ती म्हणाली, "आता खालचं बारीक अक्षर वाचून दाखवा."

"खालचं? हे तर प्रत्येक भागाखाली असतं. 'काच पुसण्याची ओळ माझी नाही, माझ्या जोडवाचक मैत्रिणीची आहे. ती चष्म्याच्या दुकानात असते आणि माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं लिहिते. तिच्याही कथा इथे आणायच्या आहेत. मी रोज विचारते, ती रोज बघू म्हणते. तुम्हीच तिला सांगा.'" बाईंनी मान वर केली. "आम्ही सगळे सांगून सांगून दमलो गं. शेकड्यांनी लोक लिहितात खाली, मैत्रिणीला आणा, मैत्रिणीला आणा म्हणून. ती काही येत नाही. शिष्ट असणार. आणि आता हिला कुणीतरी अटींचा बागुलबुवा दाखवलाय, म्हणून ही पण चालली."

"एक फोन करते," वकीलबाई म्हणाली.

घंटा वाजत राहिली. तिने पुन्हा लावला. भिंतीवरच्या सगळ्या फ्रेमा तिच्याकडे रोखून बघत होत्या. तिसऱ्यांदा लावणार तोच निरोप आला.

'काढलं सगळं. आत्ताच. थोडी रडले, खोटं कशाला सांगू. पण तू वेळेवर सांगितलंस. मी कसल्या वाचतेय त्या अटी! तू आहेस म्हणून निभावतंय.'

"अगं, हे काय?" बाई फोनवर बोट आपटत होत्या. "पान गेलं. अर्धाच भाग झाला होता माझा. चष्म्याचा दोष नाही ना? बघ बरं."

वकीलबाईने त्यांच्या नाकावरून चष्मा उतरवून घेतला. खिशातला पिवळा कपडा काढला आणि काच पुसू लागली. आधी आतून, मग बाहेरून, मग पुन्हा आतून. बाई बराच वेळ डोळे बारीक करून बघत राहिल्या.

"पुरे की गं आता," त्या म्हणाल्या. "किती पुसशील?"