एकशे वीस डॉलरचा सिपी ताऊ

आम्हा टोंगन लोकांच्या घरात आत्याच्या शब्दापुढे कुणाचं काही चालत नाही. आमची फूसी आत्या मात्र एका बाबतीत माझा शब्द मानते, ती म्हणजे व्हिडिओ गेम. मी इथे न्यूझीलंडमध्ये, मांगेरेत, गेमच्या दुकानात काम करते. कुठला गेम पूर्ण किमतीला घ्यावा आणि कुठल्यासाठी सेलपर्यंत थांबावं, हे गिऱ्हाइकं मलाच विचारतात. आत्या बासष्ट वर्षांची आहे, पण रग्बीच्या गेममध्ये तिचे दोन्ही जावई तिच्यापुढे टिकत नाहीत.

यंदा रग्बीच्या एका नव्या गेममध्ये टोंगाचा संघ आला. मी दोन संध्याकाळी खेळून पाहिला आणि आत्याला फोन केला. "डोळे मिटून घे. एकशे वीस डॉलर वसूल!"

शनिवारी ती आली ती चक्क चर्चला जाताना कमरेला बांधतो ती चटई बांधून. आज आपला संघ उतरणार होता ना!

"आधी इथे लावून दाखव," ती म्हणाली. मी दुकानातल्या मोठ्या पडद्यावर लावला. लाल जर्सीतला आमचा संघ मैदानात आला आणि आत्याने टाळ्या पिटल्या. माझं बोट बटणाकडे गेलं.

"थांब गं, सिपी ताऊ तर होऊ दे!"

सिपी ताऊ म्हणजे सामन्याआधी मोठ्याने शब्द म्हणत करतात ते आमचं युद्धनृत्य. संघ रांगेत उभा राहिला आणि त्याने सुरू केला हाका. न्यूझीलंडच्या संघाचं युद्धनृत्य! आत्याचे हात तसेच हवेत राहिले.

माझं टाळकंच सरकलं. "खोक्यावर टोंगा छापतात आणि नाच शेजाऱ्यांचा लावतात! या शहरात हजारो टोंगन आहेत, एकाला विचारायला काय धाड भरली होती?"

आमचा मॅनेजर डंकन धावत आला. "अगं लेसिएली, अर्ध्या मिनिटाची तर गोष्ट. करतील दुरुस्त. नाहीतर सेलमध्ये घ्या, निम्म्या किमतीत."

"म्हणजे अपमानही निम्माच होणार का रे?" मी ओरडले. अख्खं दुकान बघत होतं. मला त्याचं काही वाटलं नाही, उलट बरंच वाटलं.

आत्याने माझा दंड धरला. "तू दोन संध्याकाळी खेळलीस ना? मग तुला हे दिसलं कसं नाही?"

"ते... मी बटण दाबून पुढे जाते. सगळेच जातात, आत्या. खेळ लवकर सुरू होतो."

"सिपी ताऊ सोडून पुढे जातेस?"

मी पडदा बंद करायला वळले, पण तिने दंड सोडला नाही.

"गेम बनवणाऱ्यांना येत नाही, ते परके. तुला येतो का?"

मी टोंगाच्या दर सामन्याला जाते. गालांवर लाल रंग फासते, घसा बसेपर्यंत ओरडते. पण मला पहिल्या दोनच ओळी येतात. तिसरीपासून मी नुसते ओठ हलवते.