डावीकडचं फूटरेस्ट

बाबांच्या जावा मोटरसायकलचं काय करायचं, हे ठरवायचा हक्क मला कुणी दिला नव्हता. तो मी परस्पर घेतला. बाबा, म्हणजे मेतोद्येय ह्रुबेश, वय वर्षं एकोणऐंशी, फेब्रुवारीत त्रेबीचच्या हॉस्पिटलात डाव्या खुब्याचा सांधा बदलून घेत होते आणि मी इकडे त्यांच्या शेडमध्ये कमरेवर हात ठेवून त्यांच्या गाडीकडे बघत उभी होते.

गाडी बासष्ट सालची. मूळची लाल, पण बाबांनी कधीतरी तिला सहकारी शेतीच्या ट्रॅक्टरचा हिरवा रंग फासला होता, कारण तेव्हा तोच मिळत होता. बाकीही त्यांनी तिला इतक्या ठिकाणी ठोकून, कापून, वेल्डिंग करून ठेवलं होतं की मागच्या तपासणीला इन्स्पेक्टरनं हात जोडले. "आजोबा, या खेपेला सोडतो. पुढच्या वेळी ही घरगुती वेल्डिंग घेऊन आलात तर पास करणार नाही," असं त्यानं बजावलं होतं. आमच्या पिढीच्या आधीचे सगळेच बाप असे. कम्युनिस्ट काळात दुकानात काही मिळायचं नाही, म्हणून प्रत्येक जण आपापल्या शेडमध्ये कारखाना काढून बसलेला.

डॉक्टरनं सांगितलं, यापुढे किक मारणं नाही आणि गाडी चालवणं तर नाहीच. मागे बसायला हरकत नव्हती, तेही जूनपासून, आणि एका अटीवर: बसल्यावर डावा गुडघा कमरेच्या वर जाता कामा नये. मला तेवढं पुरे होतं. जूनच्या शेवटच्या रविवारी आईच्या माहेरच्या गावात जत्रा असते. आई आणि बाबा तिथं लग्न झाल्यापासून दर वर्षी जावावरूनच जायचे. चार वर्षांपूर्वी आई गेली, तेव्हापासून बाबा एकटे जात होते. या वर्षी मी चालवणार आणि बाबा मागे बसणार, हे मी मनाशी पक्कं केलं होतं. ही जत्रा चुकली तर ते परत कधी गाडीवर बसणार नाहीत, हेही मला दिसत होतं.

"विकून टाक ती," माझा नवरा रादिम म्हणाला. "बाबांना बॅटरीवरची तीनचाकी घेऊन देऊ. पुढं टोपली असते. अळंबी गोळा करायला बरी."

"तीनचाकीवर? माझे बाबा? त्यापेक्षा त्यांना बाबागाडीतच बसव की."

"मग आहे तशी राहू दे. हळूच नेऊन आण जत्रेला. रविवारी कोण तपासतंय?"

हे त्यानं बरोबर सांगितलं होतं. अठ्ठावीस वर्षांच्या संसारात तो जितक्या वेळा बरोबर असतो, तितक्या वेळा मी त्याचं ऐकत नाही. मी वोंद्रुश्कांना फोन केला.

वोंद्रुश्का आमच्या जिल्ह्यातल्या जुन्या गाड्यांच्या क्लबाचे तज्ज्ञ. कारखान्यातून निघाली तेव्हा गाडी जशी होती तशी केली, तर तिला ऐतिहासिक वाहनाची नंबरप्लेट मिळते आणि मग तपासणीची कटकट उरत नाही. ते आले, गुडघ्यावर बसले आणि एकेका गोष्टीवर बोट ठेवत गेले. "हे कॅरिअर जावाचं नाही. ही सीट? हिच्यात गवत भरलंय की काय? आणि बाई, हे डावीकडचं फूटरेस्ट असं खाली काय लोंबतंय? उजवं बघा, एक वीत वर आहे."

"बाबांची कारागिरी," मी म्हणाले आणि हसले.

खरं सांगायचं तर मला तोपर्यंत वाटत होतं की जावाचं डावं फूटरेस्ट खालीच असतं. लहानपणापासून तेच बघितलं होतं. मी पुढे टाकीवर बसायचे, बाबा मधे, आई मागे. मागे वळून आईच्या पायाकडे कोण बघतंय?

दोन महिने काम चाललं. बाबा हॉस्पिटलातून व्यायामाच्या वॉर्डात आणि तिथून गरम पाण्याच्या उपचारांसाठी आणखी तीन आठवडे बाहेरगावी होते. मी फोनवर त्यांना एक अक्षर सांगितलं नाही. सगळ्यांना सांगत सुटले होते की बाबांसाठी करतेय. अर्धं खोटं होतं ते. क्लबाच्या मेळाव्यात पहिल्या रांगेत आपली गाडी उभी आहे आणि लोक माना वाकवून बघताहेत, हे चित्र माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं.

काढलेलं जुनं सामान वोंद्रुश्कांनी एका लाकडी पेटीत भरून आमच्या दारात आणून ठेवलं. "तुमचं तुम्ही बघा," म्हणाले. एप्रिलमध्ये लोखंडी शनिवार आला. त्या दिवशी गावातले अग्निशमन दलाचे स्वयंसेवक ट्रॅक्टरला ट्रॉली जोडून घरोघर फिरतात. लोक नको असलेलं लोखंड फाटकाबाहेर काढून ठेवतात, पोरं ते उचलतात आणि भंगाराच्या पैशांतून पंपाचे पाइप घेतात. मी जुनी शेगडी काढली, फुटकी बादली काढली आणि ती पेटीही नेऊन ठेवली. वर शेड झाडून घेतली. केवढी शहाणी मी!

बाबा मेच्या सुरुवातीला घरी आले. मी खसखशीचं सारण भरलेले गोड पाव, कोलाचे, केले होते. रादिमनं घरची प्लमची दारू काढली होती. वोंद्रुश्काही मुद्दाम आले. मी शेडचं दार उघडलं.

गाडी चेरीसारखी लाल होती, टाकीत तोंड दिसत होतं. बाबा काठी टेकत तिच्याभोवती एक फेरी मारून आले. त्यांनी टाकीवर हात ठेवला आणि लगेच उचलून पँटला पुसला, डाग पडेल म्हणून.

"देखणी आहे," ते म्हणाले. "खरंच देखणी. ही अशी होती होय?"

"अगदी अशीच, ह्रुबेशसाहेब," वोंद्रुश्का म्हणाले. "एकूण एक स्क्रू कारखान्याचा."

"बाबा, उभ्या गाडीवर नुसतं मागे बसून बघा ना," मी म्हटलं. "जत्रेला जायचंय आपल्याला."

त्यांच्या चेहऱ्यावर तेव्हा जे हसू आलं, ते मी आईच्या आजारपणापासून बघितलं नव्हतं. मी आणि रादिमनं त्यांना स्टुलावरून अलगद सीटवर बसवलं. त्यांचा डावा पाय खाली गेला आणि हवेत चाचपडायला लागला. तिथं काहीच नव्हतं. फूटरेस्ट होतं वर, कारखान्यानं ठेवलं होतं तिथं. बाबांनी गुडघा उचलायला घेतला. अर्ध्यावर त्यांनी दात आवळले आणि माझ्या खांद्यात बोटं रुतवली.

"उतरव मला, ओतिल्का."

खाली उतरल्यावर ते बराच वेळ त्या जागेकडे बघत राहिले. मग म्हणाले, "खालचं कुठंय?"

"काय खालचं?"

"तुझ्या आईचं. तिचा गुडघा वाकायचा का? लहानपणीच्या पोलिओनं काठीसारखा झालेला. लग्नाच्या आठवड्यात तिला सुताराच्या घोडीवर बसवून पट्टीनं माप घेतलं मी. लाजून लाल झाली होती. म्हणाली, नवरे बायकोला अंगठी करतात, तुम्ही लोखंडी कांब काय करताय?" ते हसले. "त्यावर पाय टेकला असता बघ मी. आता माझाही तसाच झालाय."

आई लंगडायची हे मला माहीत होतं, गाव जाणत होतं. पण ती गाडीवर बसते कशी, हा प्रश्न मला बावन्न वर्षांत पडला नव्हता.

"बाबा, ते लोखंडी शनिवारी दिलं मी. फाटकाबाहेर ठेवलं होतं."

बाबांनी मान हलवली. गावच्या अग्निशमन दलाचे ते तीस वर्षं कप्तान होते.

"मीच शिकवलंय त्या पोरांना," ते म्हणाले. "फाटकाबाहेर आहे ते उचलायचं, विचारत बसायचं नाही. विचारलं की लोकांचा जीव अडकतो आणि मग कुणी काही देत नाही."

सोमवारी सकाळी मी भंगारवाल्याकडे गेले. तो बिचारा चांगला होता, मला ढिगावर चढूही दिलं. पण एप्रिलचं सगळं लोखंड कधीच वितळायला गेलं होतं. तिथूनच वोंद्रुश्कांना फोन केला आणि नवीन फूटरेस्ट वेल्ड करून द्या म्हणाले. ते म्हणाले, करून देतो, पण मग प्लेट विसरा. खड्ड्यात गेली तुमची प्लेट, असं मी त्यांना भर यार्डात ओरडून सांगितलं. त्यांचा त्यात काय दोष होता?

घरी येऊन बाबांना म्हटलं, "मापाला बसा. परवापर्यंत तयार होईल."

"नको."

"का नको? जत्रेला दीड महिना आहे अजून."

"चांगल्या गाडीवर कटर चालवायला काही कारण लागतं, पोरी. तेव्हा मला होतं. एकदा कापली, तिच्यासाठी. आता माझ्या म्हातारपणासाठी ही नवीकोरी गाडी परत कापू?"

"माझ्यासाठी कापा!"

"तुझ्यासाठी तर ती अशी झालीय," बाबा म्हणाले. रागानं नाही. राग असता तर मी भांडले असते.

जत्रेला आम्ही रादिमच्या कारमधून गेलो. बाबा पुढे बसले होते, सीट पूर्ण मागे सरकवून. आईच्या गावी त्यांनी सगळ्यांना सांगितलं की ओतिल्कानं जावा नव्यासारखी केलीय, येऊन बघा. हे ते कौतुकानं सांगत होते आणि मला कुठे तोंड लपवू असं झालं होतं.

जुलैत त्या ऐतिहासिक प्लेटसाठी क्लबाच्या कमिटीचा अर्ज आला. मी तो फाडणार होते. बाबा म्हणाले, "इतकं केलंयस तर पुरं कर. शेडमध्ये कुजवू नकोस." मालक म्हणून अर्ज त्यांनाच भरायचा होता. स्वयंपाकघरात चष्मा लावून ते एकेक रकाना मोठ्यानं वाचत बसले आणि ठळक अक्षरांत भरत गेले. शेवटून दुसरा रकाना होता: कारखान्यातून बाहेर पडल्यानंतर मालकाने वाहनात केलेले बदल.

त्यांनी पेन टेकवलं आणि थांबले. माझ्याकडे बघितलं.

"काही राहिलंय का गं त्यातलं?"

मी एकेक आठवून बघितलं. कॅरिअर, सीट, हिरवा रंग, आईचं फूटरेस्ट.

"नाही, बाबा."

त्यांनी लिहिलं, 'काहीही नाहीत', आणि खाली सही केली.