रिकाम्या ड्रमांची तालीम

आमची सून सोनिया कॉम्प्युटरचं काम करती. पडेगावच्या आमच्या वसाहतीत घरं वाढली, नळ काही आला नाय, अन् दुष्काळात बोअरही आटले. टँकर आला की ज्याच्या मनगटात जोर, त्याच्या ड्रमात पाईप. म्हणून तिनं मोबाईलवर पाण्याची पाळी लावायची सोय केली. महिनाभर घरात बसून चालवून बघितली, कुठंच अडली नाय.

पहिल्या रविवारी टँकरनं माझे ड्रम भरले अन् सरळ पुढच्या गल्लीत गेला. ड्रायव्हर म्हणला, मोबाईलवर या गल्लीत एकच घर दिसतंय. सगळ्या बाया रिकाम्या घागरी घेऊन माझ्या दारात. शेजारची आशाबाई म्हणली, सून घरची असली की पाणी असंच येतं. मला आजवर असं तोंडावर कुणी बोललं नव्हतं. वसाहतीचा कारभार बघणारे साहेबराव म्हणले, अजून एक रविवार बघू, नाय जमलं तर पहिल्यासारखीच ओढाओढी.

सोनियाचा चेहरा उतरला. “आत्या, माझ्या कॉम्प्युटरवर तर चालत होतं.”

“मग आशाबाईचे ड्रम तुझ्या कॉम्प्युटरपाशी लावू का?”

तिनं शोधून काढलं. आमच्या गल्लीतले मोबाईल सकाळीच नवऱ्यांच्या खिशातून वाळूजला कंपनीत जातात. म्हणून सगळ्या बायांना मी माझाच नंबर द्यायला लावला होता. मला विचारल्याशिवाय गल्लीत पान हलत नाय, त्यात नवल काय? पण सोनियानं घरी मनानं रचलेल्या घरांत ज्याच्या त्याच्या हाती मोबाईल होता. खऱ्या गल्लीत तिच्या यंत्राला वाटलं, सारजाबाईच, म्हणजे मीच, एकसारखी पाणी मागती. एक पाळी ठेवली, बाकीच्या पुसल्या.

तिनं मोबाईलऐवजी प्लॉट नंबरावर पाळ्या लावल्या अन् निघाली साहेबरावांकडं. मी दारात आडवी आले.

“आता घरात नाय बघायचं. गल्लीत बघायचं, रिकामे ड्रम मांडून.”

शनिवारी सगळ्यांना बाहेर काढलं. टँकर मी झाले. खांद्यावर पाईप, पुढं मोबाईल धरून सोनिया. आशाबाई तोंडाला पदर लावून हसत होती. तिच्या दाराशी गेलो अन् मोबाईलवरचं चक्र गरगरत राहिलं. घरी आमच्या वायफाय, तिथं रेंजच नाय.

सोनिया तिथंच ओट्यावर बसली, अन् चक्क हसली. “बरं झालं आत्या, आज अडलं.”

तिनं अशी तजवीज केली, की टँकर मोठ्या रोडवर, रेंजमधे असतानाच सगळ्या पाळ्या ड्रायव्हरच्या मोबाईलात उतरवून घ्यायच्या. पुन्हा पाईप, पुन्हा घरोघर. खांदा लई दुखला, पण पाईप खाली ठेवला नाय.

रविवारी आशाबाईचा ड्रम काठोकाठ भरला. तिनं पहिली कळशी माझ्या ओट्यावर आणून ठेवली. साहेबराव सोनियाला म्हणले, हर्सूलला माझ्या भावाच्या वसाहतीत उद्यापासून चालू कर.

ती व्हय म्हणायच्या आत मी म्हणलं, “उद्या नाय. आधी तिथल्या बायांना रिकामे ड्रम मांडायला सांगा, आम्ही दोघी येतो.”