प्रस्तावित तलाव

ब्रशच्या टोकाचा एक केस सुटून वर आला होता, आणि निळा रंग काठाबाहेर जाऊ नये म्हणून रोझी तो केस जिभेने आत वळवत होती, तेवढ्यात शिपाई म्हणाला, बाई, गावाकडचं कुणी आलंय.

नगरच्या पाटबंधारे कचेरीत ती ट्रेसर होती, नकाशे गिरवून रंगवणारी. व्हरांड्यात कानिफनाथ उभा होता – जामखेडकडच्या वस्तीवरचा, आईचा शेजारी.

"रोझीताई, टँकर बंद झालाय. तहसीलात इचारलं तर म्हनले, तुमच्या वस्तीला तलाव हाय, नकाशात दिसतोय. तुमच्या आईला लांबच्या झऱ्यावर जावं लागतंय... परवा वाटंत पडल्या."

तलाव! कचेरीची रीत साधी – झालेला तलाव निळा, व्हायचा तो तांबड्या ठिपक्यांचा. पण बहात्तर साल कोरडं गेलं, मुंबईहून समिती यायची ठरली, आणि तिचे वरिष्ठ कुलथे साहेब म्हणाले, "तो कोपरा फारच रिकामा दिसतो, बाई. भरा निळा." तिने भरला, मन लावून, काठाशी गडद, मधे फिकट... आई तिथेच राहते हे हात चालताना आठवलं होतं, आणि बरं वाटलं होतं, हे आता कुणाला सांगायचं? मग त्याच नकाशाच्या प्रती सगळ्या खात्यांत गेल्या.

"थांब. दुपारी बैठक आहे, मी बोलते," ती म्हणाली.

पाटबंधारे, महसूल, जिल्हा परिषद, भूजलवाले, सगळे एका टेबलाशी; पंख्याने नकाशा उडतो म्हणून तो धरायला रोझी. घाम पुसणारी, खरोखरच दमलेली माणसं – राग तरी कुणाचा करावा? तलाव आहे म्हणून विहीर रद्द झाली होती. तलाव आहे म्हणून टँकर दुसरीकडे गेला होता. आणि तलावाचं काम मागे ठेवलं होतं, कारण तिथे टँकर जातो, निकड नाही.

"साहेब, तिथे पाणी नाही."

आवाज आपलाच आहे हे तिला उशिरा कळलं. कुलथे साहेब सांभाळून हसले. "होणार आहे हो. प्रस्तावित आहे."

महसूलचे अधिकारी मवाळपणे म्हणाले, "तसं लेखी कळवा. पुढच्या बैठकीत दुरुस्त करू."

"पण तोवर?"

"तोवर नकाशाप्रमाणे." आणि ते पुढच्या तालुक्याकडे वळले.

तळव्याखाली कागद ओलसर लागला – घाम असेल. आईचं घर नाल्याच्या अलीकडे की पलीकडे? दाराशी बाभळ होती... की चिंच? डोळे मिटले की उभी राहणारी ती वस्ती, आज मिटल्या डोळ्यांत नुसतं पाणी, आणि पाण्याच्या तळाशी आई हंडा घेऊन चालते आहे, सावकाश, वर न बघता. हाक मारली तर तिला ऐकू जाणार नाही, याची रोझीला भयंकर खात्री वाटली.

कानिफनाथ फाटकाशीच बसला होता. तिला पाहून घाईने उठला.

"सुटंल का हो टँकर?"

त्याचे ओठ फुटले होते, पाय गुडघ्यापर्यंत धुळीने भरले होते. ती बघत राहिली... आणि तिला त्याचा राग आला, खराखुरा राग – हा माणूस इतक्या लांब येऊन खोटं का बोलतो आहे? तिथे तलाव आहे की.