हात लावायचा नाही

सलाईनच्या नळीवरचं ते निळं चाक... नखाएवढं. अंगठ्याने खाली सरकवलं की थेंब थांबतात, एवढं तिला ठाऊक होतं; आणि आपल्यासारख्या वॉर्डातल्या मदतनिसाने त्याला हात लावायचा नाही, हेही. पण अकरा नंबरच्या खाटेवरच्या म्हाताऱ्या मास्तरांचा हात मनगटापासून फुगत चालला होता, कातडी गार, ताणलेली – सुई शिरेतून निसटलीय हे ओळखायला तिला कुणी शिकवलं होतं? तिने दोनदा हाक मारली. दोन्ही सिस्टर पलीकडे, नव्या पेशंटभोवती. "पोरी, दुखतंय गं," मास्तर म्हणाले, आणि अंगठा आपोआप...

मोठ्या सिस्टर आल्या, सुई काढली, मास्तरांचा हात उशीवर उंच ठेवला आणि मग तिला बाजूला घेतलं. "कुणाला विचारून बंद केलंस? हे मला वर लेखी कळवावं लागेल." आणि त्याच दमात, "नर्सिंगचा फॉर्म भरलास का? आज शेवटचा दिवस आहे."

म्हणजे रागावल्या, की पाठ थोपटली? जेवणाच्या सुट्टीत मागच्या जिन्यावर ती तेच उलटसुलट करत बसली. खाजगी कॉलेजात जावं तर नवं कर्ज. हॉस्पिटलच्या पैशाने शिकावं तर पुढची पाच वर्षं इथेच बांधून घ्यायचं. आधीचं कर्ज फेडून मग शिकावं तर तोवर वय निघून जाणार – धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. आणि आधीचं तरी कसलं? कपड्यांच्या डिझाइनचा तो कोर्स, दोन वर्षांत सोडलेला. कोर्स सुटला, हप्ता नाही सुटला. तेव्हाही अशीच खात्री वाटली होती की... की तेव्हा जास्तच वाटली होती?

तिने बाबांना फोन लावला. निवृत्त होऊनही ते पुन्हा दुसऱ्याची गाडी चालवत होते, ते तिच्याच हप्त्यापायी.

"बाबा, परत कर्ज काढायचं म्हणजे–"

"काढ की. मी आहे ना."

मागच्या खेपेलाही हेच, याच आवाजात. ओरडले असते तर बरं झालं असतं. निदान भांडता आलं असतं. मला नर्स व्हायचंय, की मागचं चुकलेलं एकदाचं पुसून टाकायचंय? आणि हे दोन्ही वेगळं करता येतं का?

चारला खिडकी बंद व्हायची; पाच मिनिटं कमी असताना ती हॉस्पिटलच्या कार्यालयापाशी पोचली. कारकुनाने चष्म्यावरून पाहिलं. "बाई, नुसतं उभं राहायला पैसे पडत नाहीत, फॉर्मला पडतात. भरताय ना?"

"हो... म्हणजे, थांबा जरा."

तिने पेनाचं टोपण काढलं. पहिल्या रकान्यावर टेकवलं, आणि भीती वाटली. कर्जाची भीती तिच्या ओळखीची होती, तिच्याबरोबर उठायची, जेवायची. ही ती नव्हती. ही कुठून आली, हे शोधताना तिला एकदम उमगलं, की हा फॉर्म नामंजूर होऊन परत आला तर तिला फार वाईट वाटणार आहे – नेमकं किती, ते आत्ता मोजवत नव्हतं.